सातच्या बातम्यांतला पप्पांचा आवाज

मला बोलायला खूप आवडतं. आठवीपर्यंत मी वर्गात हजेरी द्यायलासुद्धा लाजायची. नववीत पाटील मॅडमनी ढकलून स्टेजवर चढवलं, आणि तेव्हापासून मला उतरवणं कुणाला जमलेलं नाही. आता दहावीत आहे. धरणगावात गणपती असो, शिवजयंती असो, पंधरा ऑगस्ट असो, माइक हातात आला की मी आणि माइक, बाकी सगळे बसलेले. मम्मी म्हणते, "ह्या मोनालीच्या तोंडाला झाकणच नाही." तेव्हा पप्पा हसतात. त्यांचं हसणं फक्त खांद्यांत दिसतं, कारण पप्पांना आता आवाज नाही.

म्हणजे आहे. रोज सकाळी सात वाजता येतो. फोनमधून.

हे नीट सांगते, नाहीतर गोंधळ होईल.

पप्पा, म्हणजे ईश्वरभाऊ, आधी पेपरचे वार्ताहर होते. त्या पेपरची तालुक्याची पानं बंद पडली, तेव्हा पप्पांचं काय होणार म्हणून मम्मी काळजीत होती. पण पप्पांच्या हाताखाली बातमी लिहायला शिकलेला एक मुलगा, हितेंद्रदादा, धुळ्याला एका न्यूज पोर्टलचा संपादक झाला होता. त्यानं सांगितलं, "भाऊ, आता कुणी वाचत नाही, सगळे ऐकतात. तुम्ही फोनवर बोला. आपल्या भाषेत बोला." आपल्या भाषेत म्हणजे अहिराणीत. त्या बातमीपत्राचं नाव 'गावशिव'.

पप्पांनी पहिल्यांदा फोन तोंडासमोर धरला तेव्हा त्यांना काही सुचेना. मग ते एकदम म्हणाले, "राम राम मंडळी. मी ईश्वरभाऊ बोली र्‍हायनू. घरमा बठ्ठं बरं शे ना?" घरी सगळं ठीक आहे ना. बास. तेच कायमचं झालं. महिनाभरात गिरणाकाठपासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत लोक सकाळी चहाबरोबर पप्पांना ऐकायला लागले. किराणा दुकानवाले ते स्पीकरला लावायचे. आणि ऐकणारे उत्तर द्यायचे. खरंच. फोनमधला माणूस विचारतो, घरमा बठ्ठं बरं शे ना, आणि अंगणात दात घासणारा म्हातारा म्हणतो, "शे रे भाऊ, शे."

पप्पांची एक पद्धत होती. अपघात असो, आग असो, कुणी वारलेलं असो, ते तिथे जाऊन आल्याशिवाय बोलायचे नाहीत. पोलिसांची प्रेसनोट असली तरी नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आलेला असला तरी नाही. आधी मोटरसायकल काढायची, दारात जायचं, ओट्यावर बसायचं, घरच्यांनी दिलेलं पाणी प्यायचं, मग विचारायचं. दवाखान्यात असेल तर खाटेपाशी जायचं. आणि बातमीच्या शेवटी म्हणायचं, "मी डोयाघाई दखीसन उनू." स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलोय. यामुळे पप्पांची बातमी नेहमी उशिरा यायची. दुसऱ्यांचं सगळं सांगून झालेलं असायचं. तरी लोक थांबायचे. "ईश्वरभाऊ काय म्हणतो बघू" म्हणायचे.

मग पप्पांचा घसा बसला. आधी आम्ही खोकल्याचं औषध दिलं, मग मध, मग हळदीचं दूध. शेवटी नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

हितेंद्रदादा त्याच आठवड्यात धुळ्याहून आला. मम्मीनं शेवभाजी केली होती, ती त्यानं नीट खाल्लीही नाही. म्हणाला, "भाऊ, तुमचा आवाज जायचं काही कारण नाही. तुम्ही फक्त वाचून द्या, आम्ही रेकॉर्ड करून ठेवतो. मशीन तो आवाज शिकतं. नंतर आम्ही काहीही लिहिलं तरी ते तुमच्यासारखंच बोलतं."

"तुमच्यासारखंच म्हणजे?" मम्मीनं विचारलं.

"वहिनी, तुम्हालासुद्धा फरक कळणार नाही."

मम्मी उठून आत गेली. पप्पांनी तिच्या पाठीकडे पाहिलं आणि दादाला हो म्हणाले.

आमच्या घरात रेकॉर्डिंगचे ते दिवस फार भारी गेले. भारी म्हणजे मजेचे. ऑपरेशनचं नाव कुणी काढायचं नाही असं न ठरवताच ठरलं होतं. गल्लीतल्या कुत्र्यांचा आवाज येऊ नये म्हणून पप्पा गोधडी अंगावर ओढून आत बसायचे आणि मी बाहेरून टॉर्च धरायची. गोधडीतून आवाज यायचा, "केळीले आज चांगला भाव शे." "गिरणाले पाणी सोडं." "बस पलटी व्हयनी." जुन्या सगळ्या बातम्या त्यांनी परत वाचल्या. घामानं भिजून बाहेर यायचे आणि म्हणायचे, "मोना, आतमध्ये दुसरा ईश्वर बसलाय गं, माझ्यापेक्षा बरा बोलतो." शेवटच्या दिवशी त्यांनी गोधडीतून मला हाक मारली. नुसती हाक, मोना म्हणून. मी टॉर्च घेऊन डोकावले, तर म्हणाले, "काही नाही. मारून पाहिली."

ऑपरेशन झालं. गळ्याला खाली एक भोक आहे, त्यातून श्वास येतो-जातो. त्यावर ते पांढरा रुमाल बांधतात. काही सांगायचं असेल तर फोनवर टाइप करून दाखवतात. आमचे पप्पा अजून बातमीवर जायचे. जाऊन यायचे, टाइप करून धुळ्याला पाठवायचे, आणि सकाळी सातला फोनमधले पप्पा ते बोलायचे. एकदम तेच. तोच 'मंडळी' वरचा जोर, तोच 'शे' म्हणताना घेतलेला थोडा वेळ. पहिल्या दिवशी पप्पा ऐकता ऐकता उठून मोरीत गेले आणि बराच वेळ नळ चालू ठेवला.

मम्मी मात्र रोज ऐकायची. आमच्यासमोर नाही. पोळ्या करताना फोन पिठाच्या डब्यामागे ठेवायची, आवाज अगदी बारीक. एकदा मी पाणी प्यायला गेले, तर फोनमधून आलं, "घरमा बठ्ठं बरं शे ना?" आणि मम्मी पोळी उलटता उलटता हळूच म्हणाली, "शे." मी पाणी न पिताच मागे फिरले. आणि मला तर बोलायला आवडतं, तरी हे मी कुणालाच बोलले नाही.

हळूहळू पप्पांनी पाठवलेलं कमी आणि दुसरंच जास्त यायला लागलं. पप्पांची बातमी दुपारी पोहोचायची, मशीनला सकाळीच हवी असायची. प्रेसनोट मराठीत येते, ती मशीनच अहिराणीत करतं आणि पप्पांच्या ढंगात बोलतं. पप्पांनी हितेंद्रदादाला मेसेज केला, तर त्याचं उत्तर आलं, "भाऊ, तुम्ही आता आराम करा. तुमचं काम चालूच आहे."

कापूस वेचायच्या दिवसांत सातपुड्याच्या पाड्यांवरून मजूर पिकअप भरभरून आमच्या बाजूला येतात. तशी एक पिकअप चोपडा रोडला तापीच्या पुलाच्या अलीकडे पलटली. आम्हाला हे सकाळी सातला फोनमधल्या पप्पांनीच सांगितलं. आमचे पप्पा तेव्हा समोर चहा पीत बसले होते, बनियनवर.

फोनमधले पप्पा म्हणाले की पिकअप पलटी झाली, एक जण गेला, बाकीच्यांना जळगावला दवाखान्यात नेलंय. मग त्यांनी एकेक नाव घेतलं. त्यात आलं, "आमश्याना बबलू, तोबी बरा शे." आणि शेवटी, "काळजी करानं काम नही. मी डोयाघाई दखीसन उनू."

पप्पांनी कप खाली ठेवला. चहा बशीत सांडला.

ते वाक्य कुणी लिहिलेलं नव्हतं. हे आम्हाला नंतर कळलं. पप्पा प्रत्येक अपघाताच्या शेवटी ते म्हणायचे ना, गोधडीत बसून वाचलेल्या जुन्या बातम्यांतही म्हटलं होतं, म्हणून मशीनला वाटलं, अपघाताची बातमी अशीच संपते.

पप्पांनी लगेच टाइप केलं, "कोण बघून आलं?" थोड्या वेळानं हितेंद्रदादाचं उत्तर आलं, "प्रेसनोट आहे भाऊ. किरकोळ जखमी लिहिलंय. पक्की आहे." पप्पा शर्ट घालून निघाले, पण त्या दिवशी त्यांना सारखी ढास लागत होती, मम्मीनं किल्ली दिली नाही.

दगडीबाई आमच्या दारात आली ती रविवारी. मला सुट्टी होती म्हणून मीच दार उघडलं. काळीसावळी, सडसडीत बाई, पायात चपला नव्हत्या, हातात कापडी पिशवी. सोबत पाड्यावरचा एक माणूस होता, तो रस्त्यावरच थांबला.

"ईश्वरभाऊनं घर हाईच का?" तिनं विचारलं.

मी तिला ओट्यावर बसवलं. पप्पा बाहेर आले. ती त्यांच्याकडे बघून थोडंसं हसली, ओळखीच्या माणसाकडे बघून हसतात तसं. कारण तिचा नवरा आमश्या वारला तेव्हा पप्पा तिच्या पाड्यावर गेले होते, तिच्या दारात बसले होते.

"मी बबलूनी माय," ती म्हणाली. "मना बबलू गया, भाऊ."

मम्मी आतून पाणी घेऊन आली होती, ती तांब्या धरून उंबऱ्यातच थांबली.

दगडीबाई शांतपणे सांगत होती. अपघात झाल्याचं पाड्यावर आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. सकाळच्या गाडीनं जळगावला जायचं म्हणून तिनं पिशवी भरून ठेवली होती. "मी निंघनीच व्हती. दुकानवर तुमना आवाज उना. बबलू बरा शे, मी डोयाघाई दखीसन उनू. मंग मी पिशवी ठेई दिधी. म्हनं, भाऊनी दखेल शे, आते मी जाईसन काय करू. धाकली पोर आजारी व्हती."

बबलू त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बोलत होता. आत कुठेतरी लागलेलं होतं, मग तो एकदम खालावला आणि पहाटे गेला. शेजारच्या खाटेवरच्या मजुरानं तिला सांगितलं होतं की तो दिवसभर दाराकडे बघून विचारत होता, माय उनी का, माय उनी का.

मला वाटलं, आता ही पप्पांना बोलेल. शिव्या देईल. आम्ही तिघंही त्यासाठी उभे होतो. तिनं पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली,

"भाऊ, तुमी दखं ना त्याले. मी नही दखं. तुमी सांगा, तो काय बोलना तुमले? भुक्या व्हता का? कथा लागेल व्हतं त्याले?"

तो काय बोलला, उपाशी होता का, कुठे लागलं होतं त्याला. ती भांडायला आलीच नव्हती. तिच्या मुलाला शेवटचं जिवंत बघितलेला माणूस म्हणून ती पप्पांकडे आली होती.

पप्पांचे ओठ हलले. गळ्यातल्या भोकातून नुसती हवा आली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे तू बोल. मग मी बोलले. मी काय बोलले ते आठवलं तरी आता नको वाटतं. मी म्हणाले, "अक्का, तो पप्पांचा आवाज नव्हता. तो कृत्रिम बुद्धिमत्तेनं तयार केलेला आवाज आहे. पप्पांच्या आवाजाचे नमुने संगणकाला दिले, त्यावरून संगणक बोलतो. पप्पा त्या दिवशी घरीच होते." स्टेजवर बोलते तसं मी स्वच्छ, मुद्देसूद बोलले. अगदी हातसुद्धा हलवले.

तिनं सगळं ऐकलं. मग मला म्हणाली, "तू ल्हान शे, बाई. आवाज मी वळखस ना. मना धनी गया तधय हाऊच आवाज मना दारमा बसना व्हता." नवरा गेला तेव्हा हाच आवाज तिच्या दारात येऊन बसला होता. आणि परत पप्पांकडे वळून, "भाऊ, बोला ना. एकदाव बोला."

पप्पांनी टाइप करून फोन तिच्यापुढे धरला. तिला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं, "मी बघितलं नाही, अक्का." तिनं ते माझ्याच तोंडून ऐकलं, म्हणजे तिच्या हिशोबी ते मीच बोलले.

ती खूप वेळ पप्पांच्या तोंडाकडे बघत राहिली. पांढऱ्या रुमालाकडेही पाहिलं, पण असा रुमाल तर सर्दी झालेला माणूसही बांधतो. मग तिचा चेहरा बदलला.

"काही वंगाळ दखं व्हई तुमी," ती हळू आवाजात म्हणाली. "म्हनीसन सांगतस नही. र्‍हाऊ द्या."

काहीतरी वाईट पाहिलं असेल म्हणून पप्पा सांगत नाहीत, असं तिनं धरलं. मम्मीनं पुढे केलेलं पाणी तिनं घेतलं, प्यायली, तांब्या पालथा घातला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मी शाळा बुडवली आणि पप्पांबरोबर धुळ्याला गेले. पोर्टलचं ऑफिस आधी मी पाहिलेलं होतं, तेव्हा तिथे बसायला जागा नसायची, बोलता बोलता कुणीतरी कुणाच्या तरी डब्यातली चटणी पळवायचं. आता खुर्च्या एकावर एक चढवून भिंतीला लावलेल्या होत्या. हितेंद्रदादा एकटाच होता. त्याची दाढी वाढलेली. पप्पांना बघून तो उठला, पाया पडला.

"मला कळलंय, भाऊ," तो म्हणाला. "कालच फोन आला होता मला पाड्यावरून. माझी चूक आहे. ते शेवटचं वाक्य माझ्या नजरेतून सुटलं. सकाळी एवढ्या जिल्ह्यांचं बातमीपत्र जातं, मी एकटा बघतो, एकेक ऐकायला वेळ कुठून आणू?"

पप्पा उभेच होते.

"दुरुस्ती तयार केलीय. उद्या सगळ्यात आधी तीच जाईल. ऐका तुम्ही."

त्यानं लॅपटॉपवर बटण दाबलं आणि खोलीत पप्पा बोलायला लागले. "राम राम मंडळी. मी ईश्वरभाऊ. मना हाते एक चुक व्हयनी. मी दगडीबाईनी माफी मांगस." मशीननं 'माफी' म्हणताना आवाज थोडा कापरा केला होता. इतका खरा की माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी मी लॅपटॉपपासून मागे सरकले.

पप्पांनी पुढे होऊन लॅपटॉप मिटला. जोरात नाही. डोळे मिटवतात तसा, हळूच.

हितेंद्रदादा खाली बसला. "पुसतो ती. पण आता तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. तुम्ही लेखी दिलंत तर मला आवाज बंद करावाच लागेल, आपल्या करारात तसंच आहे. फक्त एवढं सांगतो, भाऊ. 'गावशिव' लोक तुमच्यासाठी ऐकतात. ते बंद झालं की वरचे लोक हे ऑफिसही बंद करतील. मग धुळ्यात आपलं कुणीच उरणार नाही. मीसुद्धा."

"मग तुम्हीच जा ना खेड्यांवर," मी म्हणाले. "पप्पा जायचे तसे."

"मोना, मी गेलो तर इथे कोण बसेल?" तो म्हणाला. त्याला माझा राग आला नव्हता, ते जास्त वाईट होतं. "भाऊंनी मला शिकवलं तेव्हा मी फैजपूरला केळीच्या बांधावर बसून बातमी लिहिली होती. आता मला शेवटचं गाव कधी पाहिलं तेसुद्धा आठवत नाही."

पप्पांनी फोनवर टाइप केलं आणि आम्हा दोघांना दाखवलं. "बंद करायचा. पण लगेच नको. आधी तिला दाखवायचंय."

हितेंद्रदादाला कळलं नाही. मला बसमध्ये बसल्यावर कळलं. आवाज बंद झाला, तर तो पप्पांचा नव्हता हे तिला कशावरून दाखवणार?

पाड्यावर आम्ही सकाळी सातच्या आधी पोहोचलो. मोटरसायकलवर पप्पा पुढे, मी मागे. मम्मीनं या वेळी किल्ली स्वतःहून हातात दिली होती. थंडी होती, सातपुडा निळा दिसत होता, दुकानासमोर शेकोटीभोवती माणसं बसलेली. पप्पांना बघून सगळे उठले. "ईश्वरभाऊ उनात." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आदरच होता, आणि तो मला अंगावर ओझ्यासारखा वाटत होता. कुणीतरी दगडीबाईला बोलावून आणलं. ती येऊन दुकानाच्या खांबाला टेकून उभी राहिली. पोरगी तिच्या पदराला.

सात वाजले. दुकानदारानं रोजच्यासारखा स्पीकर लावला.

पप्पा स्पीकरच्या शेजारी जाऊन उभे राहिले, लोकांकडे तोंड करून. ओठ घट्ट मिटलेले.

"राम राम मंडळी," स्पीकर म्हणाला. "मी ईश्वरभाऊ बोली र्‍हायनू. घरमा बठ्ठं बरं शे ना?"

एक पोरगं फिस्सकन हसलं. त्याला वाटलं, जादूचा खेळ आहे. एका म्हाताऱ्यानं सवयीनं "शे" म्हटलं आणि मग तो पप्पांच्या मिटलेल्या तोंडाकडे बघत राहिला. स्पीकर बोलत होता, कापसाचा भाव, भडगावला गिरणेचं आवर्तन, शाळेची वेळ. पप्पांचे ओठ हलत नव्हते. हसणारं पोरगं गप्प झालं. शेकोटीपाशी कुणी लाकूडसुद्धा सारलं नाही.

मग पप्पांनी गळ्यातला रुमाल सोडला.

बाहेरच्या कुणालाही त्यांनी ते कधी दाखवलं नव्हतं. मलाही बघू देत नाहीत, आरशासमोर दार लावून साफ करतात. आता ते सगळ्या पाड्यासमोर उघड्या गळ्यानं उभे होते, आणि थंडीत त्या भोकातून वाफ येत होती.

दगडीबाई जवळ आली. तिनं आपला तळहात त्या भोकासमोर धरला. एकदा स्पीकरकडे पाहिलं, एकदा पप्पांच्या गळ्याकडे.

"आठेथीन नुसता वारा निंघस," ती म्हणाली.

पप्पांनी मान हलवली.

"तुमी बोलनात नही."

पप्पांनी परत मान हलवली.

"तुमी गया नही दवाखानामा."

पप्पांचे डोळे भरले होते. त्यांनी तिसऱ्यांदाही मान हलवली.

ती तळहात तसाच गळ्यासमोर धरून उभी राहिली. मला वाटलं होतं, खरं कळलं की तिला थोडं हलकं वाटेल. निदान पप्पा काही लपवत नाहीत हे तरी कळेल. ते कळलं तिला. पण आमच्या दारातून जाताना तिच्यापाशी एवढं तरी होतं की तिच्या बबलूला कुणीतरी ओळखीच्या माणसानं पाहिलं होतं. आता तिनं हात खाली घेतला आणि म्हणाली,

"मंग मना बबलूले आपलं कोन्हीच दखं नही."

दुकानदारानं स्पीकर बंद केला. पप्पा तिच्याबरोबर तिच्या दारापर्यंत गेले आणि मातीत बसले, कुणी गेलं की बसायला येतात तसे. मीही बसले. पाड्यावरचे चारदोन लोक येऊन बसले. कुणी बोलत नव्हतं आणि मीही बोलत नव्हते, मला बोलायचंच नव्हतं.

बऱ्याच वेळानं दगडीबाईनं मला विचारलं, "बाई, ते मशीन कोनाबी आवाज काढस का?"

"काढतं, अक्का."

ती आत गेली आणि एक फोन घेऊन आली. काच फुटलेला, बबलूचाच. त्यात त्यानं आदल्या आठवड्यात चुलतभावाला पाठवलेला मेसेज होता. तिनं मला लावायला सांगितलं. लावला. मागे पिकअपचा आवाज, पोरांचा गलका, आणि एक कोवळा, घाईतला आवाज, "मायले सांग, शनवारले येस. मिरच्या लई येस." शनिवारी येतो, मिरच्या घेऊन येतो. एवढंच.

"इतलाशा आवाजवर व्हस का?"

होतं. मला माहीत होतं. हितेंद्रदादानंच सांगितलं होतं, आता गोधडीत बसायची गरज नाही, थोडासा तुकडा मिळाला तरी पुरतो. मी पप्पांकडे पाहिलं. ते खाली मातीकडे बघत होते. मी खोटं बोलू शकले असते. पण तिच्याशी एकदा आमच्या घरातून खोटं बोललं गेलं होतं.

"आवाज निंघी, अक्का," मी म्हणाले. अनोळखी माणसाशी मी पहिल्यांदाच अहिराणीत बोलत होते, शब्द शोधावे लागत होते. "पन तो बबलू नही बोलाव." आवाज निघेल, पण बोलणारा बबलू नसेल.

ती फोनच्या फुटक्या काचेवरून बोट फिरवत राहिली.

"तरीबी," ती म्हणाली.

परत येताना पप्पांनी तापीच्या पुलावर गाडी थांबवली. रुमाल पुन्हा बांधला होता. हितेंद्रदादाला पाठवायचं पत्र त्यांनी आदल्या दिवशीच टाइप करून ठेवलेलं होतं, फक्त बोट लावायचं बाकी होतं. त्यांनी फोन काढला आणि मला दुसरंच टाइप करून दाखवलं.

"आधी तुझ्या मम्मीला विचारू."

पिठाच्या डब्यामागचा फोन त्यांनाही माहीत होता. किती दिवसांपासून, कोण जाणे.

घरी गेल्यावर पप्पांनी मम्मीला पत्र दाखवलं. तिनं हात पदराला पुसून वाचलं. "बंदच करा," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या घरी असं नको व्हायला." आणि आत जाता जाता म्हणाली, "उद्याचं तेवढं ऐकून घेते."

सकाळी तिनं गॅस पेटवला नाही. फोन डब्यामागे ठेवला नाही. पाटावर बसली, फोन मांडीवर घेतला, आणि आवाज पूर्ण मोठा केला. पप्पा तिच्या समोर येऊन बसले. मी दारात.

"राम राम मंडळी. मी ईश्वरभाऊ बोली र्‍हायनू. घरमा बठ्ठं बरं शे ना?"

मम्मी फोनकडे बघत नव्हती. ती पप्पांकडे बघत होती.

"शे," ती म्हणाली.

बातम्या संपेपर्यंत पप्पा थांबले. मग त्यांनी बोट लावलं.